अडथळा हलत नाही, पाऊल उचलावे लागते



स्टीपलचेस ही धावण्याच्या शर्यतींतील एक खडतर शर्यत. ३,००० मीटरच्या अंतरात २८ भक्कम अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या पार कराव्या लागतात. साध्या अडथळा शर्यतीतील हर्डल पाय लागताच कलंडते. येथील अडथळा मात्र जागचा हलत नाही. पाऊल कमी उचलले गेले, तर पडतो तो धावपटूच. उतारवयात घराचा उंबरठा आपल्याशी असाच वागतो; म्हणून आज ललिता बाबर यांच्या कारकिर्दीकडे पाहू.

सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातले मोही हे त्यांचे गाव. खो-खो खेळणारी ही मुलगी पुढे लांब पल्ल्याची धावपटू झाली. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. एवढे यश हाती असताना त्यांनी स्टीपलचेसची वाट धरली. २०१४ मध्ये इंचॉन आशियाई खेळांत कांस्यपदक, २०१५ मध्ये वुहान येथे आशियाई सुवर्णपदक आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी! पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत उतरली आणि दहावी आली.

महिलांसाठी या शर्यतीचे ऑलिंपिक दार उघडले ते २००८ मध्ये. बर्फावरील स्की उडीचे दार तर २०१४ मध्ये उघडले. त्या वर्षी जपानच्या सारा ताकानाशी यांच्याकडून सुवर्णाची अपेक्षा होती. त्या चौथ्या आल्या. चार वर्षांनी त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्यांच्या खेळात केवळ उडीचे अंतर मोजत नाहीत. पाय जमिनीवर कसे टेकले, यालाही गुण असतात.

पाऊल उचलणे आणि ते नीट टेकवणे, या दोन्ही गोष्टी सरावाने साधतात. करंजाडे वसाहतीत सायंकाळी फेरी मारणाऱ्या ज्येष्ठांनी हे ध्यानी घ्यावे. सपाट रस्त्यावर चालणे उत्तमच. परंतु क्षणभर एका पायावर भार पेलण्याची खरी परीक्षा पायरीवर होते. एकदा तोल गेला की भीती बसते, भीतीने हालचाल घटते, स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो.

यासाठी घरीच थोडा सराव करावा. ओट्याची कड धरून जागच्या जागी एकेक गुडघा सावकाश उचलावा. पाऊल तितक्याच सावकाश खाली ठेवावे. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा कमीत कमी आधार घेऊन उठावे, बसावे. आरंभी पाच-पाच वेळा पुरे. चक्कर येत असल्यास, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा सांधे दुखत असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सेवा करणाऱ्या आप्तांनो, आईला किंवा आजोबांना उंबरठ्यावरून उचलून नेण्याची घाई करू नका. त्यांच्या अशक्त बाजूस, अर्धे पाऊल मागे उभे राहा. वाटेतली पायपुसणी काढा, दिवा लावा आणि पाऊल त्यांनाच उचलू द्या. वेळ लागेल; तो लागू द्यावा. तुमचा हात जवळ आहे एवढा भरवसा त्यांना पुष्कळ असतो.