ठासणीची बंदूक आणि पाण्याची भीति

बंदुकीस पाणी लागूं देऊं नये, हा समज कोंकणांतील शेतकरीवर्गांत इतका रूढ आहे कीं, त्यापायींच पीकसंरक्षणाच्या कित्येक बंदुका निकामी होतात, असें आमचें स्पष्ट मत आहे. परवान्यांच्या नूतनीकरणाचें काम करीत असतां प्रस्तुत लेखकाच्या नजरेखालून अशा बंदुका पुष्कळ गेल्या. दस्ता चकचकीत, वरून खोबरेल पुसलेलें, आणि नळींत पाहावें तों नुसता गंज! कचेरीस कागद पुरे असतो. नळींत कोण पाहतो?

दोष आहे तो दारूच्या कीटाचा. काळी दारू म्हणजे शेंकडा सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक. बार उडाला तरी हिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक अंश घनरूपानें उरतो. कांहीं धुरावाटे जातो, बाकीचा नळीस चिकटतो. हें कीट क्षारयुक्त असून आषाढांतील मिठाप्रमाणें हवेंतील ओल ओढून घेतें. हे क्षार तेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. न धुतां तेल चोपडणें म्हणजे घाण जखमेवर पट्टी बांधणें होय.

प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. रिकाम्या नळींत गज तळापर्यंत सोडून, तोंडाशीं येईल तेथें गजावर कायमची खूण करून ठेवावी. पुढें कधीं ती खूण वर राहिली, तर आंत बार आहे असें समजावें. तो स्वतः खरवडूं नये. परवानाधारक कारागिराकडे जावें. रिकामी असल्यास टोपीची तोटी काढून, गजास चिंधी बांधून, स्वच्छ पाणी येईतों नळी कढत पाण्यानें धुवावी. कढत पाण्यानें लोखंड तापतें व लौकर सुकतें. दस्त्यांत व चापाच्या कळींत मात्र पाणी जाऊं देऊं नये. कोरड्या चिंध्या फिरवाव्या, तोटीचें छिद्र मोकळें आहेसें पाहावें, आणि मगच यंत्राचें पातळ तेल द्यावें. खोबरेल नको, तें थंडींत थिजतें. हें सर्व बार उडविल्याच्या त्याच दिवशीं झालें पाहिजे.

कोणी म्हणेल, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानडुकरावर बार टाकण्यास वन खात्याची निराळी परवानगी लागते. मग एवढा खटाटोप कशास? परंतु गंजलेली नळी फुटली तर ती डुकराच्या नव्हे, धन्याच्या तोंडाशीं फुटते. निवडणुकीच्या वेळीं ठाण्यांत जमा करावयाची बंदूकही धुऊन, तेल देऊनच द्यावी, व परत मिळतांच नळी पाहावी.

२०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीनांची पांच वर्षें झाली. खेपा वांचल्या, हें ठीकच. पण पांच वर्षें म्हणजे पांच पावसाळे. यास्तव संघानें दरसाल मृगापूर्वीं तालुक्याच्या ठिकाणीं परवानाधारक कारागीर बोलवावा, व प्रत्येकानें आपली बंदूक परवान्यासह स्वतः आणून तपासून घ्यावी. दुसऱ्याच्या हातीं पाठवूं नये. तो गुन्हा ठरूं शकतो. हा विषय पुढील सभेपुढें ठेवावा, अशी चालकांस विनंती आहे.