दाखवायचे दात

लग्नसराई जवळ आली की दातांच्या दवाखान्यांबाहेर नवे बोर्ड झळकायला लागतात. 'ब्रायडल स्माईल पॅकेज', 'एका तासात मोत्यासारखे दात', 'स्माईल डिझायनिंग'. डिझायनिंग! म्हणजे आजवर आपण जे हसत होतो ते बिनडिझाइनचं, ओबडधोबड होतं तर! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे ही म्हण आपण ढोंगी माणसासाठी वापरायचो. आता ती दरपत्रकावर छापून मिळते.

माझं म्हणणं सरळ आहे. हिरड्यांतून रक्त येत असताना दात पांढरे करून घ्यायला जाणं म्हणजे पाया खचलेल्या घराला ऑइलपेंट मारणं आहे. आणि आपण सगळे, सुशिक्षित म्हणवणारे, हे हौसेने करतोय.

आमच्याच घरातलं घ्या. (ताई, भावोजी, तुम्हीही हे वाचता ते माहीत आहे. तरी लिहितोय.) भाचीचं लग्न ठरलंय. समोरचा एक दात जरासा तिरका, रंग किंचित पिवळसर, बाकी पोरगी छान दिसते आणि छान हसते. पण व्हेनिअर बसवायचं घाटतंय. एक-दोन नाही, चांगले आठ! व्हेनिअर म्हणजे दातावर चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. तो बसावा म्हणून बहुतेक वेळा दाताचं एनॅमल साधारण अर्धा मिलिमीटर घासून काढतात. एवढ्याने काय होतंय? तर समोरच्या दातावर एनॅमल असतंच मुळी मिलिमीटरच्या आसपास, आणि एकदा गेलेलं एनॅमल शरीर परत बनवत नाही. हे पापुद्रे साधारण दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागतात. पंचविशीत बसवले तर आयुष्यभरात किती वेळा, हिशोब तुम्हीच करा. एवढं सगळं ठरलं, पण तिच्या हिरड्या अजून कुणी तपासलेल्या नाहीत.

त्याच घरात भावोजींना दहा वर्षांपासून डायबिटीस आहे. ब्रश करताना बेसिन लाल होतं, खालचा एक दात हलतो. त्यावर घरातलं उत्तर काय, तर "वय झालं, दात हलायचेच!"

नाही हो. दात नुसत्या वयाने हलत नाहीत. दातांवर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. रोज नीट काढला नाही तर तो कडक होतो, त्याचं कीटण बनतं आणि ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, रक्त येतं. इथवर सगळं पूर्ववत होऊ शकतं. पण दुर्लक्ष केलं तर काही जणांत हिरडी दातापासून सुटते, आत कप्पा तयार होतो आणि दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. हाच तो पायरिया. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. दुखत मात्र फारसं नाही, म्हणून तर माणूस गाफील राहतो. सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्तही कमी येतं, म्हणजे धोक्याची घंटाच बंद! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात १०० कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. डायबिटीसशी त्याचं नातं तर दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. हिरड्यांवर उपचार केले तर साखर थोडी खाली येते, असंही अभ्यासांत दिसलंय. मग भावोजींच्या साखरेसाठी मेथ्या, कारल्याचा रस सगळं करून झालं, हिरड्याच तेवढ्या का राहिल्या?

कारण हिरड्या फोटोत दिसत नाहीत.

सगळा दोष डॉक्टरांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. जे विकलं जातं तेच दुकानात ठेवतात. दात साफ करायला गेलो की आपण घासाघीस करतो, "नुसतं घासून द्यायचे एवढे पैसे?" आणि व्हेनिअरच्या एका दाताला त्याच्या कितीतरी पट रक्कम मुकाट्याने मोजतो. वर "क्लीनिंग केल्याने दात ढिले होतात" हे शास्त्र आहेच! अहो, हाड आधीच झिजलेलं असतं. कीटणाच्या कडक थराने दात एकमेकांना जखडलेले असतात, तो निघाला की खरी परिस्थिती कळते, एवढंच.

कुणी म्हणेल, लग्न एकदाच होतं, हौस करू दे की पोरीला. करू दे ना! अपघातात तुटलेला दात असेल, पाण्यातल्या फ्लोराइडने पडलेले डाग असतील, त्याने एखादी मुलगी तोंडावर हात ठेवून हसत असेल, तर हे उपचार वरदान आहेत. माझं भांडण क्रमाशी आहे. सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीपाशी व्हेनिअर नीट चिकटत नाही. कॅपची कड हिरडीत घुसली की तिथेच घाण साठते. हिरडी खाली सरकली की महागड्या कॅपखालची काळी रेघ दिसायला लागते. पांढरं करण्याच्या औषधाने फक्त आपला दात उजळतो, जुनी कॅप आणि सिमेंट आहे त्याच रंगाचे राहतात. म्हणजे दाखवायच्या दातांसाठीही आधी हिरड्याच बघायला लागतात.

तेव्हा मंडळी, खुर्चीत बसल्यावर 'शेड' निवडण्याआधी एकच विचारा, "हिरड्यांची खोली मोजली का?" खुणा केलेली बारीक सळई दाताभोवती फिरवून ती मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार किंवा वर गेली आणि रक्तही आलं तर आधी उपचार. प्रश्नावर डॉक्टर वैतागले तर डॉक्टर बदला. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. घरी मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, आणि दातांच्या फटी साफ करायला धागा किंवा बारीक ब्रश. यात कसलंही पॅकेज नाही.

असो. वाचून कुणाला राग आला असेल तर खुशाल फोन करा. फक्त आधी डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्या आणि मग करा.