छापलेला जबडा रुग्णाच्याही हाती द्या

छपाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कागद, शाई आणि वर्तमानपत्र येते. अमेरिकेतील शल्यविशारद मात्र गेली तीसेक वर्षे रुग्णाचा जबडाच छापून घेत आहेत. तो टेबलावर ठेवायचा, उलटसुलट करून पाहायचा, आणि खऱ्या हाडाला करवत लावण्याआधी कुठे कापायचे व कुठे जोडायचे ते ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. "विज्ञानाची कमाल!" असे म्हणून पान उलटावे असा हा विषय नव्हे. माझे मत असे आहे की अशा नमुन्याची गरज अमेरिकेसारख्या खंडप्राय देशापेक्षा आपल्या चिमुकल्या बेटाला अधिक आहे. आणि तो डॉक्टरच्या टेबलावर जितका शोभतो, तितकाच रुग्णाच्या हाती असायला हवा.

आधी वस्तू काय आहे ती पाहू. चतुर्थीच्या आधी गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात, एका साच्यातून शंभर. इथे उलट आहे. प्रत्येक जबड्याची एकच प्रत, आणि साचा मुळीच नाही. सी.टी. स्कॅनचे यंत्र डोक्याचे मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ काप टिपते. संगणकावर बसलेला तंत्रज्ञ त्या कापांतून मांस बाजूला सारून हाड तेवढे वेगळे काढतो. मग छपाईचे यंत्र प्लॅस्टिकचे किंवा रेझिनचे केसाएवढे पातळ थर एकावर एक चढवीत जाते, आणि काही तासांत रुग्णाचा जबडा, त्याच्या वाकड्या दाढेसकट, हुबेहूब त्याच मापाचा तयार होतो. दातांची मुळे एका रंगात आणि हाडातून जाणारी नस दुसऱ्या रंगात दाखवण्याचीही सोय असते.

या विद्येचा उगम दवाखान्यात झालेला नाही. सेंट लुईस येथील मायकेल व्हॅनिअर व जेफ्री मार्श या डॉक्टरांनी १९८३ साली कवटीच्या व्यंगांचे त्रिमितीय चित्र संगणकावर उभे केले, त्यासाठी त्यांनी विमानाचे भाग आखण्याच्या रीतीचा आधार घेतला होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात चक हल या अभियंत्याने प्रकाशाने द्रव रेझिन थराथराने घट्ट करून पहिली वस्तू बनवली. तिचे पेटंट १९८६ साली मिळाले. या दोन गोष्टींची गाठ पडायला फार वेळ लागला नाही. १९९० सालीच लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी स्कॅनवरून शरीराचे असे नमुने काढून दाखवले.

पण या नमुन्याची खरी कसोटी लागते ती जबड्याचा तुकडा काढून टाकावा लागतो तेव्हा. तंबाखू आणि दारू यांनी आपल्या समाजातही किती घरे पोळली आहेत, ते सांगायला नको. खालच्या जबड्यात गाठ झाली, अर्धा जबडा गेला, तर माणसाला धड जेवता येत नाही, बोलता येत नाही, चारचौघांत बसवत नाही. १९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी पायातील नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून त्याचा जबडा घडवण्याची रीत प्रसिद्ध केली. हे हाड सरळ, जबडा कमानदार. म्हणून हाडाला पाचरीसारख्या खाचा घेऊन ते वळवावे लागते. ही खाच किती अंशांची, तुकडा किती लांब, हे पूर्वी शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या टेबलावरच नजरेने ठरवीत असे; हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला, आणि घड्याळ चालू. आता छापलेल्या जबड्यावर हे सारे आदल्या आठवड्यात ठरते. करवत कुठे चालवायची त्याच्या फटी असलेली पट्टीही छापून मिळते, आणि टायटॅनियमची पट्टी नमुन्यावर आधीच वाकवून ठेवता येते. धातू पुन्हा पुन्हा वाकवला की कमजोर होतो, तोही धोका टळतो. शिंपी पक्की शिवण घालण्याआधी कच्चा टाका घालतो, तसेच हे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या शल्यविशारदांनी तर २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात एकाच शस्त्रक्रियेत नवा जबडा आणि त्यावर दात, दोन्ही बसवून दाखवले. ते रुग्ण मुख्यतः कर्करोग नसलेल्या गाठींचे होते, हे विसरू नये.

म्हणून प्रत्येक दाढ काढायला नमुना हवा काय? मुळीच नाही. अक्कलदाढेची मुळे नसेला वेढून बसली असतील, तर नमुना पाहावा. ती नस दुखावली तर खालचा ओठ व हनुवटी बधिर होतात, काहींची कायमची. साध्या दाढेला क्ष-किरणांचे चित्र पुरते. जो खाजगी दवाखाना दर रुग्णाला रंगीत जबडा दाखवून बिल फुगवील, त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

नमुना खोटेही बोलू शकतो. तोंडात चांदीच्या भरणीचे दात असतील तर स्कॅनमध्ये रेघा पसरतात, आणि नमुन्यात नसलेले उंचवटे उमटतात. शिवाय कर्करोगाची गाठ नमुन्याची वाट पाहत थांबत नाही. स्कॅननंतर महिना गेला, तर आखलेली रेघ अपुरी पडते. अशा वेळी पट्टी बाजूला ठेवून नजरेने कापू शकणारा हातच लागतो. यंत्र आले म्हणून अनुभवी शल्यविशारदाची गरज कमी झाली, असे समजणारे मोठी चूक करतात.

हे यंत्र असावे कुठे? अमेरिकेतील अनुभव इथे बोलका आहे. सुरुवातीला नमुने बाहेरच्या कंपन्यांकडून मागवावे लागत. मग वॉशिंग्टनजवळच्या वॉल्टर रीड सैनिकी रुग्णालयाने इराक व अफगाणिस्तानातून चेहरा, कवटी फुटून आलेल्या जवानांसाठी स्वतःच छपाई सुरू केली. सिएटल, रिचमंड येथील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतही अशा खोल्या उभ्या राहिल्या. यंत्र डॉक्टरच्या शेजारी आले की वेळ वाचतो, आणि शंका आली तर जिना उतरून विचारता येते. पण विमा कंपन्यांचा हिशेब निराळा. अशा नमुन्यांसाठी १ जुलै २०१९ पासून तिथे बिलाचे सांकेतिक क्रमांक मिळाले, तेही तात्पुरत्या वर्गातले. तात्पुरता क्रमांक म्हणजे नोंद होते, पैसे मिळतीलच असे नाही. म्हणजे सैनिकी रुग्णालयात जे सहज मिळते, त्यासाठी बाहेरच्या गरीब माणसाला खिशात हात घालावा लागू शकतो. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात उपचार विनामूल्य आहेत. या बाबतीत आपण अमेरिकेचे अनुकरण न केलेलेच बरे. बेटासाठी एक सामायिक नमुनाखोली असावी, ती सरकारी असावी, आणि तिथे यंत्राहून अधिक खर्च माणूस शिकवण्यावर व्हावा.

आपले रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी समुद्र ओलांडून भारतात जातात. सोबत एक नातेवाईक, परक्या शहरात खोली, आणि तपासण्यांत जाणारे दिवस. स्कॅनची माहिती मात्र तारेवरून क्षणात मुंबईला पोहोचते. पोर्ट लुईत स्कॅन, इथे एक नमुना, तिथे त्याचाच जुळा, आणि दोन्हीकडचे डॉक्टर एकाच वेळी एकाच जबड्यावर बोट ठेवून बोलत आहेत, हे आजच्या विद्येत अवघड नाही. रुग्ण निघेल तेव्हा आखणी झालेली असेल.

आता रुग्णाच्या हाताविषयी. संमतीच्या कागदावर सही घेतात तो कागद इंग्रजीत, डॉक्टर समजावतात फ्रेंचमध्ये, घरात चालते क्रेओल, आणि आजीला विचाराल तर ती मान डोलावून म्हणेल, "डॉक्टर म्हणतील तसं." त्या आजीच्या हाती तिचा स्वतःचा जबडा द्या. बोट फिरवून तिला दाखवा की हा तुकडा जाणार, इथे पायाचे हाड येणार, हे दात परत मिळणार, हे नाही. मग ती प्रश्न विचारील. तिच्या सुनेलाही पट्टी कशी बांधायची, पातळ जेवण किती दिवस द्यायचे, हे उमगेल. मोठ्या शस्त्रक्रियेची सही नमुना हाती दिल्याशिवाय घेऊ नये, असा नियम आपल्या आरोग्य खात्याने करावा.

तोवर प्रत्येक कुटुंबाने एक करावे. स्कॅन झाल्यावर नुसती फिल्म घेऊन घरी येऊ नये. सर्व कापांची मूळ माहिती असलेली तबकडी मागून घ्यावी व जपून ठेवावी. डॉक्टर ती माहिती 'डायकॉम' या नावाने ओळखतात. उद्या जबडा छापायचा झाला, तर तो त्या तबकडीवरूनच छापला जाईल.