शेंगांची जत्रा

डिसेंबरात मुलांना कुठे न्यायचं, असं बंगळुरूच्या चामराजपेटेतली मराठी घरं विचारतात तेव्हा मला आधी शेजारची बसवनगुडी आठवते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे 'कडलेकायि परिषे' भरते, म्हणजे शेंगांची जत्रा. २०२३ साली हा सोमवार ११ डिसेंबरला आला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना भुईमुगाच्या राशी, खाली मातीचा वास, वर एकाच दगडातून घडवलेला अवाढव्य नंदी. एक बैल शेतातल्या शेंगा फस्त करायचा, म्हणून शेतकऱ्यांनी पहिलं पीक त्याला वाहायचा शब्द दिला, अशी तिथली कथा. ती मुलांना नंदीसमोर उभं करूनच सांगावी. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, तिन्ही शेंगा त्यांना चाखू द्याव्यात. भाव त्यांनीच विचारावा, आणि तोही कन्नडमध्ये.

आपल्याच पेठेत आर. कल्याणम्मांनी १९३८ मध्ये मुलांसाठी 'मक्कळ कूट' उभं केलं. मुलांसाठी वेगळी जागा हवी, हे त्या काळी कुणाला सुचावं याचं मला अजून अप्रूप आहे. नाताळच्या सुट्टीत एक संध्याकाळ त्या बाजूला काढा. मॉल जानेवारीतही असतील. जत्रेतल्या शेंगा घरी आणून मिठाच्या पाण्यात उकडा, आणि सोलायचं काम आजी-नातवंडांवर सोडा.