खडक म्हणजे पोटखराबाच काय ?

महसुलाच्या दप्तरांत आमच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. तेवढ्या काळांत सात-बाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द आम्हीं किती वेळां लिहिला असेल याची गणती नाहीं. शेतांत खडक उघडा पडला कीं तेवढें क्षेत्र पोटखराब्यांत घालावयाचें. त्यावर आकार नाहीं, म्हणून त्याची विचारपूसही नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर उपनगरांतील टेकड्या व लेणीं पाहण्याचा छंद लागला, आणि तेव्हां उमजलें कीं ज्यास आम्ही खराबा म्हणत आलों, तो खडकच आपल्या जमिनीचा मूळ खातेदार होय.

अंधेरीच्या पश्चिमेस गिल्बर्ट टेकडी नांवाचा काळ्या खडकाचा उभा कडा आहे. उंची सुमारें २०० फूट; माथ्यावर गांवदेवीचें देऊळ. खालून पाहिल्यास दगडी खांबांची जुडी बांधून उभी केल्यासारखी दिसते. हे खांब कोणी घडविले नाहींत. वैशाखांत काळी जमीन सुकून आकसते आणि तिला भेगा पडून पांच-सहा कोनांचे तुकडे होतात, हें प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिलें आहे. तप्त शिलारस निवतांना असाच आकसला. भेगा खोलवर उतरल्या, व त्यांचे खांब झाले.

हा शिलारस आला कोठून ? पृथ्वीचें कवच अखंड नसून मोठमोठ्या तुकड्यांचें आहे, व ते तुकडे मंद गतीनें सरकत असतात. आपला भारतखंडाचा तुकडा वर्षास सुमारें ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. त्याच्याच रेट्यानें हिमालय उचलला गेला. सुमारें ६ ते ६.५ कोटी वर्षांपूर्वीं हा तुकडा पुष्कळ दक्षिणेस, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूच्या ऊष्ण स्थानावर होता. त्या काळीं भूमीस भेगा पडून शिलारसाचे थरांवर थर पसरले. आजही सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनीं व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. देशावर हे थर बहुतेक आडवे आहेत; मुंबईकडे मात्र ते पश्चिमेस, समुद्राच्या बाजूस, कललेले आढळतात.

कोणी म्हणेल, या कोट्यवधि वर्षांच्या गोष्टींशीं नांगरास काय कर्तव्य ? आमचें उत्तर असें, कीं आपली काळी जमीन याच खडकाच्या झिजेपासून झाली. तींत चुना व लोह पुष्कळ, नत्र मात्र थोडें, याचें एक कारण तिच्या या जन्मांत आहे. विहिरीचेंही तसेंच. थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो. तो कुजून मुरूम होतो व पाणी धरतो. खालचा काळा पाषाण घट्ट. भेग सांपडली तरच त्यांत पाणी. दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या गेरूचा पट्टा लागतो, तो दोन ओघांच्या मधल्या काळाची खूण होय. हें न जाणतां केवळ पायाळूच्या शब्दावर पाषाण फोडीत बसणारे कर्जबाजारी होतात.

येथें आमचाही एक दोष सांगितला पाहिजे. आमच्या एका आप्तांनीं माळावरचा मुरूम विकण्याविषयीं सल्ला विचारला. 'खराबाच तो, विकून मोकळे व्हा,' असें आम्हीं सांगितलें. परवाना झाला, स्वामित्वधन भरलें, चार पैसे हातीं आले. पूर्वीं त्यांच्या खालच्या विहिरीचें पाणी वैशाखापर्यंत पुरत असे. तें तिसऱ्या वर्षीं माघांतच आटलें. पावसाचें पाणी जिरविणारा थरच गाड्यांत भरून गेला होता ! स्वामित्वधन सरकारांत जमा होतें. मुरूम मात्र परत भरून येत नाहीं.

दगड काढूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. कुर्ला व मालाड येथील खाणींच्या दगडांनीं मुंबईच्या जुन्या इमारती उभ्या राहिल्या. पण अंधेरीस सभोंवारचा खडक खाणींनीं खाल्ला, आणि हा कडा तेवढा एकाकी उरला. महानगरपालिकेनें २००७ सालीं त्यास वारसास्थळांच्या दुसऱ्या श्रेणींत घातलें, हें ठीकच झालें. पण सभोंवतीं इमारतींची दाटी झाल्यावर मिळालेला मान उशिराचाच.

आपल्या माळांचें तसें होऊं नये. पोटखराबा विकण्यापूर्वीं त्याच्या खालीं कोणाची विहीर आहे तें पाहावें; त्यावर गवत व झाडें राखावीं. विहीर खणण्यापूर्वीं शेजारच्या विहिरींतील थर निरखावे, व भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा. मुलांस एकदां अंधेरीचा कडा दाखवावा. सरकारी उताऱ्यांत खडकावर आकार नसेना का. आपल्या हिशेबीं तरी त्याची किंमत शून्य धरूं नये, इतकीच आमची वाचकांस विनंती आहे.

— एक सेवानिवृत्त महसुली कारकून