पत्र्याखालचा मे आणि बांधावरचा धूर

मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत बसून सबमिशन लिहिलंय कधी? सांगली-साताऱ्यात भाड्याने राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी लिहिलं असेल. जत, आटपाडी, माण-खटावच्या मुलांना तर हा घरचाच अनुभव. पंखा फिरतो, पण गरम हवाच फिरवतो. मी पण तीन उन्हाळे तसेच काढलेत. आणि इकडे ऊस तुटला की शेतात पाला पेटतो, छाटणी झाली की बांधावर द्राक्षाच्या काड्या जळतात.

या दोन गोष्टींचं नातं आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होतं. पाल्याचं छप्पर उन्हाळ्यात गार राहायचं, कारण पाल्याच्या थरांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. छपराला आग, उंदीर, वाळवीची भीती, म्हणून पत्रा आला. ते चूक नव्हतं. पण गारवा गेला.

तो पॅनेलच्या रूपात परत आणता येतो. अमेरिकेत लुइझियानामध्ये १९२०च्या दशकातच उसाच्या चिपाडाचे 'सेलोटेक्स' नावाचे उष्णतारोधक बोर्ड बनत होते. आपल्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरला इकोबोर्ड कंपनीने चिपाडाचे पार्टिकल बोर्ड केले. आयआयटी हैदराबादमध्ये २०२१ साली काडीकचरा आणि चुन्याच्या विटांची सुरक्षारक्षकाची केबिन उभी राहिली.

मग अडतंय कुठे? पहिली गोष्ट, चिपाड आता कचरा राहिलेलं नाही. कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात. पाला हेक्टरी ८ ते १० टन निघतो खरा, पण तो सरीत कुजवला तर जमीन सुधारते. त्यामुळे पाल्यावर पहिला हक्क मातीचा, असं आमचं स्पष्ट मत आहे. उरतात तासगाव-मिरज भागातल्या छाटणीच्या काड्या. वेलीच्या काड्यांपासून बोर्ड होऊ शकतो, हे ग्रीसमधल्या संशोधकांनी २००२ मध्येच दाखवलंय.

दुसरी गोष्ट, हवामान. जतला ऊन रोखायचं, तर महाबळेश्वरला महिनोन् महिने ओल. ओलीत काडीचा बोर्ड फुगतो, बुरशी धरतो. चिपाडात साखर राहिली तर वाळवीला आमंत्रणच. शिवाय फर्निचरचा घट्ट दाबलेला बोर्ड उष्णता तितकी अडवत नाही. त्यासाठी हलका, हवा धरून ठेवणारा बोर्ड लागतो. म्हणजे एकच पॅनेल दोन्हीकडे चालणार नाही. 'इको-फ्रेंडली' असा शिक्का मारला की काम झालं, असं नाही.

ही परीक्षा घ्यायला आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत आणि दरवर्षी फायनल इयरचे प्रोजेक्टही होतात. त्यातले कित्येक सीनिअरच्या फाईलवरून उतरवलेले असतात, हे आपल्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी दोन खोल्या घ्या, एकीच्या पत्र्याखाली पॅनेल लावा, दोन्हीत थर्मामीटर टांगा आणि एप्रिल ते ऑगस्ट रोज आकडे लिहा. आगीची, ओलीची, वाळवीची चाचणी करा. खर्चही मांडा. फसलं तर तेही लिहा.

आणि पहिलं चांगलं पॅनेल कुठे लावायचं? कॉलेजच्या प्रदर्शनात नको. दर हंगामात आपल्याच शिवारात खोपी घालून राहणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबं आहेत. थंडीत कुडकुडणारी आणि मार्चच्या उन्हात भाजणारी त्यांची पोरं आपण रस्त्यावरून जाताना रोज बघतो. सुरुवात तिथून व्हावी.