गरम पाणी, थंड डोकं

‘या वीकेन्डला कोलाड!’ डिसेंबरात असा मेसेज आला, की कुणाचं कामात लक्ष लागतं, बॉस? मी तर फ्रीलान्सर. मैत्रिणीच्या ऑफिसच्या प्रत्येक पिकनिकला मी कायमची घुसखोर!

कोलाडच्या राफ्टिंगच्या नाड्या भिऱ्याच्या वीजकेंद्राच्या हातात. मुळशीचं पाणी तिथं वीज बनवून कुंडलिकेत सुटतं आणि सकाळी त्याच पाण्यावर राफ्ट निघतात. दोन तास धम्माल! पण बाहेर आल्यावर दातांचा ऑर्केस्ट्रा सुरू. मग सगळ्यांचं एकच टार्गेट, गरम पाणी.

आमच्या होमस्टेचं बाथरूम म्हणजे काडेपेटी. भिंतीवर गॅस गिझर आणि गार वारा नको म्हणून खिडकीला आम्हीच लावलेला पुठ्ठा. दोघींच्या आंघोळी लागोपाठ उरकल्या. तिसरी आत गेली, ती येईचना. हाका मारल्यावर दार उघडून उंबऱ्यातच बसली. ‘डोकं जाम दुखतंय गं, गरगरतंय.’ आम्ही निदान करून मोकळ्या : ‘ॲसिडिटी! नाश्ता केला नाहीस ना?’

स्वयंपाकाच्या मावशी मात्र धावत आल्या. आधी गिझर बंद, मग पुठ्ठा ओढून काढला आणि तिला अंगणात नेलं. ‘आत गॅस जळतोय आणि खिडकी बंद करून बसलात होय गं पोरींनो?’ तिला डॉक्टरकडे नेलं, ती सावरली. पण परतीच्या गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

झालं काय होतं? एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १५ किलो हवा लागते. ४ बाय ५ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच किलो. ती कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. सिलिंडर लीक झाला तर वासावरून कळतं, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. हा मात्र चोरपावलांनी येतो.

मार्च २०२३ मध्ये होळी खेळून आलेलं घाटकोपरचं एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा संशय गॅस गिझरवरच गेला. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे ८ पर्यटक दारं-खिडक्या लावून, गॅस हीटर चालू ठेवून झोपले. त्यात ४ मुलं होती. कुणीच वाचलं नाही.

म्हणून ही उजळणी :

गिझर पेटवण्याआधी वास घ्या. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

वास नसेल तर आधी खिडकी उघडा, मग नळ. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर बंद, मेकॅनिकला बोलवा.

बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच कडी लावून आंघोळ करा. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवलेला असेल तर उत्तमच. पुढच्या माणसाआधी दहा मिनिटांचा ब्रेक.

डोकं दुखलं, मळमळलं, पाय लटपटले, तर तडक मोकळ्या हवेत. कुणी कोसळलं तर बाहेर काढा आणि १०८ ला फोन.

आणि तंबूत गॅस हीटर? झोपताना तर अजिबात नाही. गोधडी घ्या की राव!

हल्ली कुठल्याही रूमवर गेले की सगळ्या जणी ‘व्ह्यू’ बघायला गॅलरीत पळतात. मी आधी बाथरूमची खिडकी उघडते का ते बघते. हसतात मला. हसू देत. सगळ्या जणी हसत घरी परततात ना, बस्स!